नागपूरहून पहिली क्वाड बाइक सफर: सातपुड्याच्या पायथ्याशी अर्धा दिवस आणि पंगतीला रोडगे

क्वाड बाइक, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला एटीव्ही म्हणतात ती चार फुगीर चाकांची गाडी, पहिल्यांदा बघणाऱ्याला फार सोपी वाटते. चार चाकं आहेत, तोल सांभाळायचा नाही, गिअर बदलायचे नाहीत, बसलं की निघालं. नवख्या माणसाला याच समजुतीचा फटका बसतो. ही गाडी अंगाने चालवायची असते. वळणावर, चढावर, उतारावर शरीराचा भार कुठे टाकायचा हे कळलं तर ती गरीब गाय आहे. नाही कळलं तर जवळजवळ तीनशे किलोचं धूड अंगावर येऊ शकतं. म्हणून पहिली सफर नेहमी गाइडसोबत, मोकळ्या मनाने आणि कमी वेगात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नागपूरकरांसाठी त्यात दुसरा लाभही आहे. कमी वेगात गेलं की शिवार दिसतं, माणसं बोलतात आणि जेवायला भूक उरते.

मॉलच्या मागे किंवा रिसॉर्टच्या अंगणात टायर रचून केलेल्या रिंगणातली पाच-दहा मिनिटांची चक्कर म्हणजे ही सफर नव्हे. इथे सांगतोय ती गाइडच्या मागे रांगेत, पांदणीतून आणि टेकड्यांच्या कुशीतून दीड-दोन तास फिरायची, आणि शेवटी गावच्या चुलीवरचं जेवायची.

आधी जागा ठरवा

डोंगर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला सह्याद्रीचे कडे आठवतात. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे आणि आसपासच्या टेकड्याही बुटक्या आहेत. पहिल्या सफरीला तेच हवं असतं.

दोन दिशा चांगल्या. एक, रामटेक-पारशिवनीकडची. शहरापासून रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. मनसर, खिंडसी, पुढे पेंचकडे जाणाऱ्या सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या. इथली जमीन बरीचशी मुरमाड, सागाचं रान, मधेच मँगनीजच्या खाणींचा काळसर दगड. दुसरी दिशा पश्चिमेची, कळमेश्वर-काटोलची. दख्खनच्या काळ्या कातळाचा पसारा नागपूरपाशी येऊन संपतो, त्यामुळे पश्चिमेला सपाट माथ्याच्या टेकड्या, काळी जमीन आणि संत्र्याच्या बागा मिळतात.

नवख्याने पूर्व-उत्तरेची मुरमाड बाजू आधी घ्यावी. मुरमावर चाक धरतं, पाऊस येऊन गेला तरी पाणी लवकर निचरतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबेल याचा अंदाज येतो. काळ्या मातीचं तसं नाही. ती ओली असली की चाकाच्या खाचा भरून टाकते, टायर गुळगुळीत होतो, आणि मग हँडल एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. उन्हाळ्यात त्याच मातीला चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात. काटोलची बाजू सुंदर आहे यात वाद नाही, पण ती कोरड्या हिवाळ्यात करा. आंबिया बहराची संत्री तेव्हा झाडावर असतात आणि बागेच्या कडेने जाताना वास येतो.

जागा ठरवताना आयोजकाला एक प्रश्न विचारायचाच: ट्रॅक कुणाच्या जमिनीवरून जातो? उत्तर खासगी शेतजमीन, गावाची पांदण किंवा परवानगी घेतलेला रस्ता असं हवं. "जंगलात आतपर्यंत नेतो, वाघाच्या एरियात" असं कुणी सांगितलं तर तिथेच रामराम करा. पेंच असो वा बोर, व्याघ्र प्रकल्पात आपली गाडी घेऊन मनाला येईल तिकडे फिरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. कायद्याचं सोडा, पण या गाडीचा आवाज मोठा असतो आणि रानातल्या जनावरांना तो सोसवत नाही. शिवाराच्या कडेला राहूनही भरपूर बघायला मिळतं.

आयोजकाला काय विचारायचं

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं त्यात आहे. फोनवरच विचारा, नोंदणी आहे का. संकोच करू नका. ज्याच्याकडे कागद असतो तो आनंदाने दाखवतो.

पुढचे प्रश्न असे. एका गाइडमागे किती गाड्या? चार-पाचपर्यंत ठीक, त्याहून जास्त असतील तर मागून यायला दुसरा गाइड हवा. हेल्मेट त्यांचं की आपलं, आणि कोणत्या मापाचं? निघण्याआधी सराव किती वेळ? "सराव कशाला, पाच मिनिटांत येतं" हे उत्तर मला मान्य नाही. अर्धा तास तरी हवा. गाडीला काही मोडतोड झाली तर खर्च कुणाचा? हे आधी लिहून घ्या, नंतर वाद नकोत. स्वतःची अपघात विमा पॉलिसी असेल तर तीही वाचून बघा, कारण पुष्कळ पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात.

मुलांबाबत एक गोष्ट अगदी जीव तोडून सांगतो. मोठ्या क्वाड बाइकवर बहुतेक कंपन्या स्टिकर लावतात: सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये. ते स्टिकर शोभेचं नाही. लहान मुलाचं वजन गाडीला वळवायला पुरत नाही आणि हातही नीट पोचत नाहीत. आणि मागे माणूस बसवायचा असेल तर गाडी दोघांसाठीच बनवलेली असावी लागते. लांबट सीट दिसली म्हणून पोराला मागे बसवू नका. ती सीट चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून लांब ठेवलेली असते.

केव्हा जायचं, काय घालायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्चमध्ये पहाटे निघालात तर जमतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, वर इंजिनची धग मांड्यांना लागते. त्या दिवसांत नको. पावसाळ्यात पहिल्यांदा चालवणाऱ्याने घरीच भजी खावीत.

कपड्यांत जीन्ससारखी जाड फुल पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे. चप्पल, सँडल असेल तर चांगला गाइड गाडी देणारच नाही. डोळ्यांना गॉगल हवाच. पुढच्या गाडीची धूळ सरळ तोंडावर येते. आता आपल्या नागपूरच्या खास सवयीबद्दल. ऊन असो वा थंडी, आपल्याकडे गाडीवर बसण्याआधी तोंडाला दुपट्टा गुंडाळला जातो. क्वाड बाइकवर दुपट्टा, ओढणी, शेला काहीही मोकळं लोंबतं नको. मागच्या चाकांचा आस उघडा फिरत असतो आणि त्यात कापडाचं टोक गेलं तर गळ्याशी प्रसंग येतो. त्याऐवजी मानेला घट्ट बसणारा बफ घ्या, नाहीतर रुमाल बांधून टोकं शर्टाच्या आत खोचा. लांब केसांची वेणी जॅकेटच्या आत.

सोबत दोन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, थोडा गूळ-शेंगदाणा. मोबाइल चेन असलेल्या खिशात. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर आणीबाणीसाठी ११२ हे दोन्ही नंबर लागतात, पण टेकडीआड रेंज जाते, म्हणून सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो हे गाइडला निघण्याआधीच विचारून ठेवा.

सकाळी तर्री पोहे खाऊनच निघायचं हा आपला शिरस्ता आहे आणि तो मोडा असं मी म्हणणार नाही. फक्त अर्धी प्लेट घ्या आणि तर्री बेताची. पोटात जळजळ घेऊन खडबडीत रस्त्यावर बसणं कठीण जातं. आदल्या रात्रीची दारू उतरली नसेल तर सरळ दुसरी तारीख घ्या.

गाडीशी ओळख

सरावाच्या अर्ध्या तासात पुढच्या गोष्टी स्वतःच्या हाताने करून बघा, नुसत्या ऐकू नका.

आपण सगळे स्कूटर-मोटरसायकलवर मोठे झालो, त्यामुळे उजव्या मुठीला पीळ दिला की गाडी पळते हे अंगात भिनलेलं असतं. इथे मूठ फिरत नाही. उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते, ती पुढे दाबली की वेग येतो. नवख्याचं होतं काय, तर गाडी खड्ड्यात आदळते, माणूस घाबरून मुठी आवळतो, अंगठाही आवळला जातो आणि नेमक्या नको त्या क्षणी गाडी उसळी घेते. म्हणून सपाट जागी उभ्या गाडीवर बसून हा व्यायाम करा: चारही बोटांनी हँडल घट्ट धरा आणि अंगठा मात्र पूर्ण सैल सोडा. मग अंगठा हळू दाबा, सोडा. चार बोटं आणि अंगठा वेगळे वागायला लागले की पुढे जा. बरेच गाइड नवख्यांच्या गाडीला वेगमर्यादेचा स्क्रू लावून देतात. तो लावून मागा, त्यात कमीपणा नाही.

ब्रेक मशिनगणिक वेगळे असतात. कुठे दोन्ही मुठींना दोन, कुठे डाव्या मुठीत चारही चाकांचा एकच, कुठे पायालाही. तुमच्या गाडीचं काय ते विचारा आणि पाच-सहा वेळा थांबून बघा. गिअरचा दांडा साधा असतो: पुढे, न्यूट्रल, मागे, काही गाड्यांत चढासाठी वेगळा हळू गिअर. लाल बटण इंजिन बंद करतं. काही गाड्यांना एक दोरी असते, ती मनगटाला अडकवायची, म्हणजे माणूस पडला की इंजिन आपोआप थांबतं. दोरी असेल तर ती कधीही टाळू नका.

टायरवर अंगठा दाबून बघा, मऊ लागेल. हवा कमी आहे असं वाटेल, पण तसंच ठेवायचं असतं. कारच्या चाकात तीसच्या वर पीएसआय हवा असते, यात बहुधा चार ते सात. त्या मऊपणामुळे चाक दगडाला बिलगून जातं.

आणि पाय. पाय कायम पायदानावर. मोटरसायकल कलली की आपण नकळत पाय जमिनीला टेकवतो. इथे तसा टेकवलेला पाय मागच्या चाकाखाली जातो. गाडी कितीही हलली, कलली, तरी पाय आत. हा एकच नियम लक्षात राहिला तरी निम्मी काळजी मिटली.

या गाड्यांना आधी तीनच चाकं होती. होंडाने १९७० साली तीन चाकांची गाडी बाजारात आणली आणि ती अमेरिकेत खूप खपली, पण वळणावर उलटायची. सुझुकीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चार चाकांची आणली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चौथ्या चाकाने उलटण्याचा धोका कमी केला, संपवला नाही. तो उरलेला भाग चालवणाऱ्याने आपल्या अंगाने सांभाळायचा.

चढ, उतार, वळण

वळताना मोटरसायकल स्वतः आत कलते, क्वाड कलत नाही. उलट ती बाहेर फेकते. म्हणून वळणाआधी वेग कमी करायचा, कमरेपासूनचं वरचं अंग थोडं पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचं, बाहेरच्या पायाने पायदान दाबून धरायचं. पुष्कळ गाड्यांची मागची दोन्ही चाकं एकाच आसावर एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे गाडी सरळच जाऊ पाहते आणि हँडल जड लागतं. हातांनी झोंबाझोंबी करू नका. अंग नीट आत नेलं की ती ऐकते.

चढावर सीटच्या पुढच्या टोकाला सरका, छाती हँडलकडे झुकवा, अंगठा एकसारखा ठेवा. मधेच वेग सोडून परत जोरात दाबलं तर पुढची चाकं उचलली जातात. चढ मधेच संपेना आणि इंजिन दम टाकायला लागलं तर वळवायचा प्रयत्न अजिबात करू नका. ब्रेक दाबा, पार्किंग ब्रेक लावा, चढाच्या वरच्या बाजूने उतरा आणि गाइडला हाक मारा. तो येईल आणि गाडी काढेल. त्याचं कामच ते आहे.

उताराला मागे सरका, हात लांब पण सैल ठेवा, गिअरमध्येच उतरा. न्यूट्रल करून घरंगळत यायची आपली पेट्रोल वाचवायची सवय इथे विसरा, कारण इंजिनच गाडीला धरून ठेवत असतं. टेकडीच्या अंगाने आडवं जायची वेळ आली तर अंग डोंगराच्या बाजूला झुकवा. पहिल्या सफरीत गाइडने असा आडवा रस्ता घेऊच नये, आणि घेतला तर "भाऊ, हा नको, दुसऱ्या बाजूने चला" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नाल्यात पाणी दिसलं की गाइड आधी जाईल. खोली बघा, तो गेला त्याच रेषेतून हळू जा. पाण्यातून निघाल्यावर ब्रेक ओले असतात. दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

शिवारातली वागणूक

रस्ता आपला नाही, पाहुणे आपण आहोत. पांदणीत समोरून बंडी आली तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. बैल आवाजाला बुजले तर बंडी उलटते. गुरांचा कळप असेल तर तेच. धुऱ्यावर चाक चढवायचं नाही. पावसाचं पाणी अडवायला शेतकऱ्याने घातलेली माती एका फेरीत ढासळते. वावरात तर उतरायचंच नाही, मग पीक काढून झालेलं असलं तरी. शेताभोवतीच्या तारांना हात लावू नका. रोही आणि डुकरांपासून पीक राखायला झटका मशीन लावलेलं असतं, दिवसा बंद आहे असं धरून चालू नका.

दोन गाड्यांत चार-पाच गाड्यांचं अंतर ठेवा, धुळीत पुढचा दिसेनासा झाला तर अजून वाढवा. गावातून जाताना चालण्याच्या वेगात. पोट्टे धावत मागे येतात, हात दाखवतात. थांबून बोला, पण चालू गाडीवर कुणालाही बसवू नका. आणि या गाड्या साधारणपणे सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदवलेल्या नसतात, त्यामुळे डांबरी रस्त्यावर हौस म्हणून काढायच्या नाहीत.

जेवण

बुकिंग करतानाच जेवणाचं बोला, कारण चांगलं जेवण आयत्या वेळी होत नाही. विचारा, स्वयंपाक कोण करतं? गावातल्याच घरी होत असेल तर उत्तम. शहरातून डबे मागवून पत्रावळीवर वाढणार असतील तर तेवढ्यासाठी थांबू नका.

माझी पहिली पसंती रोडगे आणि वांग्याची भाजी. सकाळी तुम्ही हेल्मेट चढवत असता तेव्हाच आवारात एका बाजूला गोवऱ्या रचलेल्या दिसतील. गव्हाचं जाडसर पीठ, तेलाचं मोहन, ओवा, मीठ घालून घट्ट मळलेलं. काकू त्याची जाड पोळी लाटतात, तेल लावून घडी घालतात आणि गोळा वळतात, म्हणजे आत पदर सुटतात. गोवऱ्या पेटून धूर संपला आणि लाल आर उरला की रोडगे त्यावर मांडायचे, परतायचे, मग गरम राखेत पुरून ठेवायचे. घाई केली तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. तुम्ही परत येता तेव्हा ते राखेतून निघतात; फडक्यात घेऊन झटकले की राख गळते आणि कवच तडकलेलं दिसतं. हाताने फोडायचा, वाफ बाहेर पडते, त्यात तुपाची धार. सोबत काटेरी वांग्याची तिखट भाजी, वरण आणि कांदा. दोन तास हादरे खाल्लेल्या शरीराला याहून चांगलं काही मिळत नाही. पळसाच्या पानांत गुंडाळून भाजलेले पानगे मिळाले तर तेही मागा.

हिवाळ्यात सांबारवडी, पाटोडी रस्सा आणि ज्वारीची भाकरी. डिसेंबर-जानेवारीत शेतात हुरडा असेल तर जेवणाआधी मूठभर, चटणीसोबत. रामटेक बाजूला गेलात तर जेवणानंतर तिथलंच पान. या भागात पानमळ्यांची जुनी परंपरा आहे.

सावजीचं काय, हे सगळे विचारतात. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला हा काळा, झणझणीत रस्सा नागपूरची शान आहे, त्यावर दुमत नाही. तो सफरीनंतर खा, आधी नाही. आणि परतताना गाडी ज्याला चालवायची आहे त्याने अर्ध्या तिखटाचा सांगावा, भाताचा डोंगर टाळावा. भरल्या पोटी दुपारच्या उन्हात हायवेवर डुलकी येते आणि दिवसातला खरा धोका तिथेच असतो. झाडाखाली बाजेवर अर्धा तास पडा, चहा घ्या, मग निघा.

जेवणाचे पैसे आयोजकामार्फत जात असले तरी स्वयंपाक करणाऱ्या काकूंना वेगळं काही देता आलं तर द्या. घरची हळद, तिखट, जवसाची चटणी विकायला असेल तर घ्या; शहरातल्या पुडीपेक्षा ती नक्कीच चांगली निघते.

दुसऱ्या दिवशी आणि पुढे

मांड्या, खांदे आणि उजवा अंगठा दुखणार. कोमट पाण्याने शेक घ्या, एक दिवसात उतरतं. मान किंवा मनगट सुजलेलं वाटलं तर मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखवा.

एकदा केलं की लगेच चिखलदऱ्याची स्वप्नं पडायला लागतात. १११८ मीटर उंची, कॉफीचे मळे, दऱ्याखोऱ्या, मोह पडणारच. पण नागपूरहून ते सव्वादोनशे किलोमीटर लांब आहे, मुक्कामाशिवाय जमत नाही, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प शेजारीच असल्यामुळे ट्रॅक कुठून जातो हा प्रश्न तिथे दुप्पट काटेकोरपणे विचारायला हवा. त्याआधी रामटेक बाजूलाच, शक्यतो त्याच गाइडसोबत, परत एकदा जा. त्याला तुमच्या चुका ठाऊक असतात. या वेळी वेगमर्यादेचा स्क्रू थोडा सैल करायचा का, हे त्यालाच ठरवू द्या.